सहा फुटी तलवार, दीड किलो वजन

कॉस्प्ले म्हणजे अ‍ॅनिमे, कॉमिक किंवा व्हिडिओ गेममधल्या पात्राचा हुबेहूब वेश. हा नाद आता नागपूर-अमरावतीपुरता राहिलेला नाही. या खेपेच्या पत्रांवर आर्वी, वरुड, मेहकर, आरमोरी असे पत्ते आहेत, आणि बहुतेकांना हवं आहे ते एकच शस्त्र: माणसाच्या उंचीची, वीतभराहून रुंद पात्याची अवाढव्य तलवार. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. मापं सगळीकडे एकाच तलवारीची धरली आहेत. पातं ५४ इंच लांब आणि १० इंच रुंद, मूठ १५ इंच, मधली आडवी पट्टी आणि मागचा गोळा मिळून ३ इंच. एकूण ६ फूट.

गावातला सुतार १२ मिमी प्लायवूडची तलवार करून देतो म्हणतो. मजबूत होईल, मग फोम-बिमच्या भानगडीत का पडायचं?
*वाचक, आर्वी (जि. वर्धा)*

मजबूत होईल, यात वाद नाही. पण ती तुम्ही पाच मिनिटंसुद्धा धरू शकणार नाही. नुसतं पातंच अडीच किलोच्या वर जाईल, मुठीसकट तीन किलो धरा. तीन किलो म्हणजे काही फार नाही, पाण्याची कळशी त्याहून जड असते, असं वाटेल. पण कळशी कमरेला टेकते. तलवारीचं वजन हातापासून लांब असतं.

हिशोब करून पाहा. तलवार एका बोटावर तोला. जिथे ती आडवी स्थिर राहते तो तिचा तोल. प्लायवूडच्या तलवारीत हा तोल पुढच्या हातापासून साधारण ७० सेंमी पुढे येतो. दोन हातांत २० सेंमी अंतर असेल, तर तलवार आडवी धरताना मागच्या हाताने साडेदहा किलोचा दाब खाली द्यावा लागतो आणि पुढच्या हातावर साडेतेरा किलो येतात. छायाचित्रकार 'जरा थांब, फोकस घेतो' म्हणेपर्यंत मनगट थरथरायला लागतं, खांदे कानांपर्यंत चढतात आणि चेहऱ्यावर पात्राचा राग न दिसता तुमचा त्रास दिसतो.

यावर पुष्कळ जण एक उपाय करतात: मुठीच्या मागच्या गोळ्यात वाळू किंवा शिसं भरतात. तो जवळजवळ वाया जातो. टोक पुढच्या हातापासून दीड मीटरवर असतं आणि मागचा गोळा जेमतेम २५ सेंमीवर. टोकाला २०० ग्रॅम जास्त झाले, तर ते सावरायला मागे १ किलो २०० ग्रॅम घालावे लागतात, आणि मग तलवार एकूणच जड होते. त्यापेक्षा टोकाकडचे २०० ग्रॅम कमी करा. रंगाचा एक थर कमी, टोकाकडे पोकळी जास्त, कणा टोकापर्यंत न नेणं, एवढ्यात ते निघतात. दुसरा फुकटचा उपाय म्हणजे मूठ लांब ठेवणं. हातांतलं अंतर २० वरून ३० सेंमी केलं, की मागच्या हातावरचा दाब एक तृतीयांशाने उतरतो. १५ इंची मूठ म्हणूनच धरली आहे.

लक्ष्य असं ठेवा: एकूण वजन दीड किलो, तोल पुढच्या हातापासून दोन फुटांच्या आत. जडपणा फोटोत दाखवायचा असतो, हातात नाही. तो कसा दाखवायचा ते पुढे येईल.

आतला कणा कशाचा घ्यावा? शेतात ठिबकच्या नळ्या आणि पीव्हीसी पाइपचे तुकडे पडलेले आहेत. तुराट्याही आहेत. आणि एकूण बांधणी क्रमाने सांगाल का?
*वाचक, मेहकर (जि. बुलढाणा)*

ठिबकच्या १६ मिमी नळ्या विसरा. त्या गुंडाळून ठेवता याव्यात म्हणूनच लवचीक असतात. तुराटी हलकी असते, पण वाळली की कटकन मोडते आणि सरळ साडेचार फूट मिळत नाही. पीव्हीसी पाइप चालतो, फक्त एवढ्या लांबीला तो वाकतो आणि उन्हात आणखी मऊ पडतो. तलवार आडवी धरली की टोक खाली लोंबतं.

विदर्भात राहून बांबू सोडून दुसरं काही शोधणं म्हणजे काखेत कळसा. मानवेल जातीचा बांबू घ्या. तो जवळजवळ भरीव असतो आणि बारीक जाडीतही ताठ राहतो. कटांग जाड आणि पोकळ असतो, तो इथे नको. बुरुडाकडून पूर्ण वाळलेला, सरळ, बुंध्याला २२ ते २५ मिमी आणि शेंड्याला १५ मिमीच्या आसपास असा तुकडा निवडून घ्या. हिरवा बांबू घेतलात तर तो आतल्या आत वाळताना चिरतो, आकसतो, आणि महिनाभरात फोमच्या आत खुळखुळायला लागतो. पिवळसर पूड गळत असेल तर भुंगा लागला आहे, तो तुकडाच नको.

बुंधा मुठीकडे, शेंडा टोकाकडे. बांबू जात्याच टोकाकडे निमुळता आणि हलका होत जातो, म्हणजे तोलाचं निम्मं काम झाडानेच करून ठेवलेलं असतं. लांबी मुठीच्या मागच्या टोकापासून पात्याच्या पाऊण भागापर्यंत, साडेचार फुटांच्या थोडं वर. त्यापुढच्या पात्याला कणा लागत नाही. पेरांवरच्या गाठी कानशीने घासून सपाट करा, नाहीतर बाहेरून फुगवटे दिसतात.

आता एक चूक, जी जवळपास प्रत्येक पहिल्या तलवारीत होते. गोल कणा फोमच्या आत गरकन फिरतो. तुम्ही मूठ वळवता आणि पातं जागेवरच राहतं. म्हणून पात्यात येणाऱ्या भागावर तीन ठिकाणी, साधारण फूटभर अंतराने, ८ इंच लांबीची चपटी कमटी, म्हणजे बांबूची चिरलेली पट्टी, आडवी बांधा. सुतळी घट्ट आवळून गुंडाळायची, वर पांढरा फेविकॉल चोपडायचा आणि रात्रभर ठेवायचं. खिळा ठोकू नका, बांबू उभा चिरतो. नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे पाहिले असतील तर हा सांगाडा ओळखीचा वाटेल. दोन पुरुष उंचीचं धूड माणसांनी नाचवत न्यायचं, तर आत कमट्या आणि बाहेर कागदच हवा.

बाहेरचं कातडं ईव्हीए फोमचं. चपला-बुटांचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत त्याचे ताव मिळतात. ६ मिमीचा सुमारे एक चौरस मीटर दोन्ही बाजूंना पुरतो, त्यात थोडी नासधूस धरली आहे. मधल्या थरासाठी १० मिमी. व्यायामाच्या किंवा मुलांच्या खोलीतल्या एकमेकींत अडकणाऱ्या चटया ईव्हीएच्याच असतात, पण १० ते १२ मिमी जाड. त्याच बाहेरून लावल्या तर वजन तीन-चारशे ग्रॅमनी वाढेल. लावायच्याच असतील तर खरखरीत बाजू आत ठेवा. चटई दोन फुटी असते, त्यामुळे पात्याला जोड येणारच. एका बाजूचा जोड जिथे, तिथे दुसऱ्या बाजूला येऊ देऊ नका. विटांच्या भिंतीत सांधे जसे चुकवतात तसे चुकवा.

आधी पूर्ण मापाचा नमुना. वर्तमानपत्रं चिकटवून करता येतो. पण तालुक्याच्या फ्लेक्सच्या दुकानात चित्र खऱ्या मापात छापून घेतलं तर काम नेमकं होतं, आणि शूटनंतर फ्लेक्स गोठ्यावर टाकायला कामी येतो. नमुन्यावरून ६ मिमी फोमचे दोन पत्रे कापा. कटरचं पातं नवं हवं, दर दोन-तीन लांब कापांनंतर एक टवका मोडून टाका. बोथट पातं फोम कापत नाही, फाडतं, आणि ती कड पुढे कितीही घासली तरी लपत नाही.

मधला थर सलग भरायचा नाही. कडेने दीड-दोन इंच रुंद पट्टी, आणि दर ८-९ इंचांवर एक आडवी फळी, शिडीसारखी. १० मिमीच्या दोन पट्ट्या एकावर एक आल्या की कण्याच्या जाडीला पोहोचता. शेंड्याकडे बांबू बारीक होतो, तिथे फोमची पट्टी गुंडाळून जाडी सारखी करा. मग खालचा पत्रा, वर शिडी, मधे कणा, वर दुसरा पत्रा. दोन्ही पत्रे एकाच दिवशी, सपाट जमिनीवर चिकटवा. एक बाजू चिकटवून उन्हात टाकली आणि दुसरी दुसऱ्या दिवशी लावली, की पातं पळीसारखं वळतं आणि मग सरळ होत नाही.

धार शेवटी. कडेपासून एक इंच आत रेघ मारा आणि तिथून तिरपा काप घ्या. १२० नंबरच्या सँडपेपरने घासा, मग २२० ने. घासताना नाकावर रुमाल नको, मास्क लावा. ही पूड बारीक असते.

थर्माकोलले रबरवाला फेविकॉल लावला तं पुरा गयून गेला. काहून झालं असं? पैसे पाण्यात गेले भाऊ.
*वाचक, तिवसा (जि. अमरावती)*

कारण त्या गोंदातला द्रावक थर्माकोल विरघळवतो. एसआर प्रकारचा कोणताही रबरी गोंद, थिनर आणि बहुतेक स्प्रे-पेंट थर्माकोल खातात. थर्माकोलला साधा पांढरा फेविकॉलच लावा. तो सावकाश वाळतो, रात्रभर वजन ठेवून द्यावं लागतं. स्प्रे मारायचाच असेल तर आधी वर्तमानपत्राचे दोन थर पांढऱ्या फेविकॉलने चिकटवा, पूर्ण वाळू द्या, मग मारा. एखादीही उघडी फट राहिली तर रंग तिथून आत शिरून पोकळ करतो, वरून काही दिसत नाही आणि बोट लावलं की खड्डा पडतो. गळलेल्या तुकड्याचे चांगले भाग कापून मागच्या गोळ्याला वापरा, सगळंच वाया गेलं नाही.

ईव्हीए एसआरने चिकटवला, वर पाटा-वरवंटा ठेवून रात्रभर दाबला. सकाळी दोन थर सालीसारखे सुटले.
*वाचक, दर्यापूर (जि. अमरावती)*

ओला असतानाच दाबलात. हा गोंद लाकडाच्या गोंदासारखा नाही. दोन्ही बाजूंना पातळ थर लावायचा आणि मोकळं ठेवायचं. बोट टेकवलं तर चिकट लागेल पण तार निघणार नाही, एवढं वाळलं की जोडायचं. साधारण १० ते १५ मिनिटं, उन्हाळ्यात तीन-चार मिनिटांतच. ओला जोडला तर आतला द्रावक कोंडतो, फोममधून त्याला वाट मिळत नाही. दाब जोरात हवा, लांबवर नको. अर्धं मिनिट जोर देऊन दाबलं की झालं. एकदा टेकला की सरकत नाही, म्हणून मधे पातळ प्लास्टिक किंवा कागद ठेवून तो हळूहळू ओढत जोडत जा.

पावसाळ्यात चिकटवत असाल तर आणखी एक भानगड. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. गोंदावर पांढुरका धूसर पडदा दिसला तर तो जोड धरणार नाही. झड लागलेली असताना हे काम करूच नका, निदान हेअर ड्रायरची ऊब द्या. वाफ पेट घेणारी असते, तेव्हा चुलीपासून, देवघरातल्या दिव्यापासून लांब आणि दारं-खिडक्या उघड्या. ड्रायरसुद्धा गोंद ओला असताना नाही, वास ओसरल्यावर.

हॉट-ग्लूने काम लवकर होतं, पण आपल्याकडच्या मे महिन्यात काळ्या रंगाची तलवार उन्हात किंवा बंद गाडीत ठेवली की तो मऊ पडतो आणि जोड सरकतात. तो किरकोळ नक्षीपुरता ठेवा.

चंदेरी रंग दिला तर खेळण्यातली दिसते. वडशाकडच्या नाटकांतल्या तलवारी रंगमंचावर खऱ्या वाटतात, मग हीच का नाही?
*वाचक, आरमोरी (जि. गडचिरोली)*

झाडीपट्टीच्या रंगमंचावरची तलवार प्रेक्षक लांबून, दिव्यांच्या झोतात आणि हलती पाहतो. तिथे चकाकी हवी. कॅमेरा पाच फुटांवर असतो आणि चित्र थांबलेलं असतं. एकसारखा चंदेरी रंग म्हणजे गेटचा रंग, डोळ्याला तो तसाच दिसणार.

आधी फोमची छिद्रं बुजवा. हीट गन पृष्ठभागापासून वीतभर लांब ठेवून सतत हलवत फिरवा. फोमच्या मॅट पृष्ठभागावर किंचित तकाकी आली की तिथे थांबा. एकाच जागी धरली तर फोम आक्रसतो आणि खळगा पडतो. मग पांढरा फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात, तीन पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. भिंतीची पुट्टी किंवा एम-सीलने सांधे भरू नका. अंग लवचीक आणि वरचा थर कडक असला की पहिल्याच झटक्यात भेगा पडतात. ऑइल पेंटचंही तेच.

यानंतर अ‍ॅक्रिलिक काळा, दोन हात. मग स्पंजच्या तुकड्याला चंदेरी रंग लावून तो कागदावर जवळजवळ पुसून टाका आणि उरलेल्या कोरड्या स्पंजने पात्यावर टोकाच्या दिशेने ओढा. काळा खालून दिसत राहिला पाहिजे. धारेवर मात्र चंदेरी भरून द्या. शेवटी काळा आणि तपकिरी रंग भरपूर पाण्यात करून खाचांत सोडा आणि लगेच फडक्याने पुसा. घरच्या विळ्या-कुऱ्हाडींकडे जरा निरखून पाहा. वापरातलं लोखंड धारेला उजळ असतं, मुठीजवळ काळपट, आणि गंज खाचेत असतो, सपाटीवर नसतो. वर चकचकीत वॉर्निश नको, मॅटच हवं. चकचकीत पात्यात आकाश पांढरं फटफटीत उमटतं आणि फोटोत तिथे काहीच उरत नाही.

रंगाचे स्प्रे डबे उन्हात किंवा उभ्या गाडीत ठेवू नका. ५० अंशांच्या वर नेऊ नये असं त्यांच्यावरच छापलेलं असतं, आणि बंद गाडी आपल्याकडे ते सहज ओलांडते.

शूट अचलपूरच्या पुढे आहे. एसटीने नेता येईल का? आणि पोलिसांनी अडवलं तर?
*वाचक, वरुड (जि. अमरावती)*

मूठ वेगळी होईल अशी बांधा, पण ते बांधणी सुरू करण्याआधी ठरवायला हवं. पात्याच्या बुडाशी २५ मिमीचा, १४ इंच लांब पीव्हीसी पाइप आत गाडा. वरचा कणा त्या पाइपच्या शेजारी ८ इंच समांतर येऊ द्या आणि दोन्ही सुतळीने घट्ट बांधा. मुठीचा बांबू त्या पाइपमध्ये बसेल इतका घासून घ्या. खुळखुळत असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. आरपार ६ मिमीचा बोल्ट आणि विंग नट. खोलायला पाना लागत नाही. चुंबकांवर तलवार पेलायला जाऊ नका, ती आडव्या ओढीला सुटतात.

उरलेलं साडेचार फुटांचं पातं गोधडीत गुंडाळून एसटीत उभं राहतं. काळीपिवळीत आडवं टाकू नका, कोणाच्या तरी बुटाखाली येतं. दुचाकीवर तर पातं म्हणजे शीड. ताशी ३० किमीचा वारा पात्याच्या रुंद बाजूवर भरला तर दीड-पावणेदोन किलोचा धक्का देतो, आणि गाडीचा वेग त्याच्या वर.

कायद्याचं. खरी धारदार तलवार नकोच, 'घरात आजोबांची आहे' म्हणूनही नको. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची अशी शस्त्रं १९५९च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत येतात. तुमची फोमची आहे, पण लांबून ते कोणाला कळणार? सणावारांच्या आणि निवडणुकीच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ची मनाई लागू असते, तेव्हा काठीसुद्धा प्रश्नाचा विषय होते. म्हणून प्रवासभर तलवार झाकलेली, रस्त्यात-बसस्टँडवर उपसून सेल्फी नाही, आणि ज्या गावात शूट आहे तिथल्या ठाण्यात आदल्या दिवशी साध्या कागदावर अर्ज: तारीख, वेळ, जागा, किती माणसं, वस्तू फोमची आहे. सोबत फोटो. पोलीस पाटलांच्याही कानावर घाला. गावात बातमी पोहोचायला फोन लागत नाही, ती बरोबर पोहोचलेली बरी.

गाविलगडावर शूट करायचं स्वप्न आहे. अडचण येईल का?
*वाचक, परतवाडा (जि. अमरावती)*

येईल. गाविलगड काय किंवा नरनाळा काय, दोन्ही मेळघाटच्या जंगलात आहेत. वनखात्याचं गेट, ठरलेल्या वेळा, आणि वर संरक्षित स्मारक. हातातल्या मोबाइलवर फोटो काढणाऱ्याला सहसा कोणी हटकत नाही, पण स्टँड, दिवे, चिलखत आणि सहा फुटी तलवार आली की आधी लेखी परवानगी लागते असंच धरून चाला. शिवाय गडावर वारा असतो. पात्याची कड वाऱ्याकडे ठेवा, रुंदी नाही.

खरं सांगायचं तर पहिल्या शूटला गड नकोच. फेब्रुवारी-मार्चात पळस फुलतो, झाडावर पान नाही आणि नुसता भगवा जाळ. काळ्या चिलखताच्या मागे याहून चांगला पडदा भाड्यानेही मिळत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात फुटलेला कापूस. मालकाला विचारून, आणि धुऱ्यावरून. वेचणीच्या तोंडावर कोणाच्या पऱ्हाटीत शिरून बोंडं झाडलीत तर तलवार फोमची असली तरी समोरची काठी खरी असेल. बंद पडलेली गिट्टी खदान दिसायला झकास, पण कडेला उभं राहू नका, तिथली कपार सैल असते.

दोन गोष्टींत हयगय नको. शेतावरून जाणाऱ्या विजेच्या तारा बऱ्याच ठिकाणी लोंबलेल्या असतात. तुमचा हात वर केला की तलवारीचं टोक बारा-तेरा फुटांवर जातं, आणि आत बांबू आहे, ओल असेल तर वीज वाहू शकते. तारांखाली तलवार उगारायचीच नाही. दुसरं, तिन्हीसांजेला अनोळखी शेतात उतरू नका. रानडुकरांसाठी सोडलेला प्रवाह कुंपणाच्या कोणत्या तारेत आहे हे बाहेरच्याला दिसत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे जंगलकडेला पहाटे-संध्याकाळी वाकून, दबा धरून पोझ देणं हाही शहाणपणा नव्हे. का, ते तिकडच्यांना सांगायला नको.

तलवार हलकी झाली, पण फोटोतही हलकीच दिसते! शिवाय मोबाइलमध्ये पातं वाकडं येतं.
*वाचक, पुलगाव (जि. वर्धा)*

जड वस्तू धरलेला माणूस आठवा. कापसाचं बोचकं खांद्यावर घेतलेली बाई सरळ उभी नसते. कंबर दुसऱ्या बाजूला जाते, भाराच्या बाजूचा पाय ताठ, दुसरा गुडघा किंचित मोडलेला. तेच करा. तलवार उजवीकडे तर धड डावीकडे कलतं. बोटं मुठीभोवती पूर्ण वळलेली, अंगठा वर मोकळा नाही. तलवार खांद्यावर असेल तर खांद्याच्या कपड्याखाली स्पंज घाला आणि पात्याने तो दाबा. कापडाला पडलेली ती घडी पाहणाऱ्याला वजन सांगते. टोक जमिनीवर असेल तर टोकाभोवती ओंजळभर माती रचा, जणू ते रुतलं आहे. एका हाताने डोक्यावर सहज उचललेली पोझ मात्र टाळाच, ती पोलच उघड करते.

जमिनीत रोवलेली तलवार हवी असेल तर फोम काळ्या मातीत खुपसू नका, टोक कुस्करतं. बांधतानाच टोकाच्या आत २० मिमी पाइपचा ८ इंची तुकडा ठेवा. त्याचे टोकाकडे थोडे ग्रॅम वाढतील, पण हे सोडून दुसरा भरवशाचा मार्ग नाही. जमिनीत १२ मिमीची दोन फुटी सळई हातोडीने सव्वा फूट ठोकायची, वर उरलेल्या सळईवर तलवार बसवायची आणि बुडाशी माती सारायची. माणूस बाजूला उभा राहिला तरी चालतं. शूट संपल्यावर सळई उपटून न्या. नांगराच्या फाळाला किंवा बैलाच्या खुराला ती सापडता कामा नये.

पातं वाकडं येतं ते रुंद लेन्समुळे. मोबाइलचं ०.५ लावून जवळून काढलं की चौकटीच्या कडेला येणारी वस्तू ताणली जाते. पूर्ण तलवार सरळ हवी तर १० ते १२ फूट मागे जा आणि १ किंवा २ वर काढा, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीला. उलट तलवार राक्षसी दाखवायची असेल तर टोक कॅमेऱ्याकडे रोखा, ०.५ वापरा आणि टोक चौकटीच्या मधोमध ठेवा. मग जवळचं टोक मोठं दिसतं आणि लेन्स तुमच्या बाजूने काम करते. वार करतानाचा फोटो खरोखर फिरवून काढू नका. मोबाइल चित्र ओळीओळीने टिपतो, त्यामुळे वेगातलं पातं तिरकं झुकतं. पोझ धरा, केस आणि उपरणं दुसऱ्याला हलवू द्या, शटर १/५०० किंवा त्याहून जलद.

उजेड सकाळी पहिला तास किंवा मावळतीचा शेवटचा. डिसेंबरात सूर्य साडेपाचनंतर लगेच बुडतो, म्हणजे चारला जागेवर, साडेचारला पूर्ण वेशात. चेहऱ्यावर सावली आली तर थर्माकोलचा पांढरा ताव छातीच्या उंचीला समोर धरा. एप्रिल ते मृग लागेपर्यंत विग-चिलखतात शूट ठेवूच नका. ठेवलंच तर सकाळी आठला सामान आवरलेलं असलं पाहिजे.

तान्ह्या पोळ्याला आठ वर्षांच्या मुलाला असाच योद्धा करायचा आहे. तीच मापं निम्मी करू का?
*वाचक, हिंगणघाट (जि. वर्धा)*

नको. लांबी मुलाच्या छातीपर्यंत, वजन ४०० ग्रॅमच्या आत, टोक गोल. आत बांबूचा कणा नाही, नुसते १० मिमी फोमचे दोन थर आणि मधे एक पातळ कमटी, तिची टोकं कापडाने गुंडाळलेली. दुसऱ्या हातात लाकडी बैलाची दोरी असणार, म्हणून तलवार एका हातात पेलली पाहिजे. गर्दीत मुलं एकमेकांवर चालवतातच. डोळ्यात गेली तरी इजा होऊ नये, एवढी मऊ ठेवा.

शूटच्या दिवशीच तलवार मोडली तर?
*वाचक, मेहकर (जि. बुलढाणा)*

कुठे मोडली त्यावर आहे. थर सुटला तर एसआर, पंधरा मिनिटं, दाब. सोबत छोटी बाटली ठेवा. कड फाटली तर फेविक्विकचे दोन थेंब, आणि काळा व चंदेरी रंग डबीत नेलेला असावा. कणा चिरला तर दोन कमट्या दोन्ही बाजूंनी लावून सुतळीने करकचून आवळा आणि वरून मुठीचं कापड गुंडाळा. पात्याच्या मधोमध मोडली तर दुरुस्तीत उजेड घालवू नका. सळई ठोका, मुठीकडचा तुकडा माती रचून उभा करा, टोकाचा तुकडा दोन हात लांब आडवा टाका आणि पराभवाचा फोटो काढून घ्या.